आधीच बाहेर असलेले चौघे

२०२३ साली मी शहात्तर वर्षांचा होतो, आणि त्या डिसेंबरात आमच्या प्रताप नगरच्या बागेत रोज सकाळी इंग्रजांचं पार्लमेंट भरत होतं. आजचं नव्हे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. मी त्याचा दरवान होतो. वाचून कोणाला वाटेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला. झाला असेल, पण एकटा नाही झाला. आम्ही अठ्ठावीस जण होतो आणि त्यातले निम्मे मोठमोठ्या हुद्द्यांवरून पेन्शनीत गेलेले साहेब होते.

माझं शिक्षण चौथी. पाचवीत सहा महिने बसलो. गुरुजींनी दुसऱ्याच्या चुकीसाठी मला मारलं, म्हणून त्या दिवशी शाळेतून निघालो तो परत गेलो नाही. काटोलजवळच्या आमच्या गावात गुरुजी स्वतः घरी समजवायला आले होते. मी पेरूच्या झाडावर बसून राहिलो, ते निघून जाईपर्यंत. पुढे नागपुरात एका सरकारी खात्यात शिपाई म्हणून लागलो, आणि दर हिवाळ्यात अधिवेशन आलं की मला सभागृहाच्या दारावर पाठवत. बावीस हिवाळे मी ते दार सांभाळलं. आत काय बोलतात ते मला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायची हौसही नव्हती. माझं काम दाराचं. मतं मोजायची वेळ आली की घंटा वाजे. घंटा वाजते तोवर दार उघडं, घंटा थांबली की बंद. मग बाहेर राहिला तो कितीही मोठा असो. कोट-जाकीटवाले धावत येत, काचेवर बोटं वाजवत, डोळे वटारत. मी समोरच्या भिंतीकडे बघत उभा राही. बावीस वर्षांत थांबलेल्या घंटेनंतर माझ्या दारातून माणूस सोडा, मांजरही गेलं नाही.

तर आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एक प्रोफेसर होते, इतिहासाचे. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणत असे. सरांनी रिटायर झाल्यावर एक काम काढलं होतं: सतराव्या शतकातल्या एका इंग्रजी पार्लमेंटची रोजची नोंद मराठीत उतरवायची. तिथे कोणी कारकून बसून लिहीत होता म्हणे, आज काय वाचलं, कोण उठलं, काय ठरलं. हास्यक्लबचं हा-हा-ही-ही आटोपलं की सर पिशवीतून कागद काढत आणि आदल्या दिवशी केलेली दोन पानं आम्हाला वाचून दाखवत. सुरुवातीला लोक ऐकत नव्हते. मग सर मला विचारायला लागले, "भाऊ, तुमच्याकडे हे कसं व्हायचं?" आणि मी सांगायला लागलो, तसे लोक ऐकायला लागले. तेवढा मान मला तिथे होता, तो का सोडू?

पण ते इंग्रज कसले लोक होते हे मी आठवड्याभरात ओळखलं. सकाळी आठला जमायचं, आधी प्रार्थना. डोक्यावर टोप्या घालूनच बसायचं, आणि बोलायला उठलं की टोपी काढायची. एका विषयावर एका माणसाने दिवसातून एकदाच बोलायचं. इथवर ठीक. मग काम काय, तर चामडं कसं कमवावं. एक अख्खी सकाळ चामड्यावर. दुसऱ्या दिवशी कुठला तरी पूल पडायला आला होता, त्याचा कायदा पहिल्यांदा वाचला. वाचून ठेवून दिला. काही दिवसांनी दुसऱ्यांदा वाचला आणि कमिटीकडे दिला. कमिटी जेवण करून दुपारी बसली, तिने दोन शब्द बदलले. मग तिसऱ्यांदा वाचला. तोवर पूल थांबला असेल का, हे त्या कारकुनाने काही लिहिलं नव्हतं. एक दिवस तर बोलता बोलता संध्याकाळ झाली, अंधार पडला, कागद दिसेना. तेव्हा मेणबत्त्या आणायच्या की नाही, यावर मतं घेतली. मी सरांना म्हटलं, आमच्या गावात दिवे लागायची वेळ झाली की बाई काडी ओढते आणि दिवा लावते, घरात सात पुरुष बसले असले तरी कोणाला विचारत नाही. सर हसले. म्हणाले, "पण जगातल्या साऱ्या सभागृहांचं मूळ हे आहे, भाऊ." असेल. मूळव्याधीतही मूळ आहेच.

आमचे अध्यक्ष वीज खात्यातून मोठे साहेब होऊन उतरलेले. त्यांना सभेत कोणी मध्ये बोललं की कपाळाची शीर उठायची, आणि आमच्या सभेत सगळेच मध्ये बोलत. सरांची पानं ऐकून त्यांना वाटलं, ही पद्धत बरी, एका माणसाने एकदाच बोलायचं. त्यांनी ठरवलं की महिनाभर मंडळाचा कारभार इंग्रजांच्या रिवाजाने चालवून बघू. स्वतः झाले सभापती. घरून हात असलेली खुर्ची आणली. सर झाले कारकून. आणि मला सरांनी एक काळी काठी दिली, वर चांदीची मूठ, त्यांच्या सासऱ्यांची. म्हणाले, दार तुमचं. दार म्हणजे बागेचं लोखंडी गेट. पोरखेळ होता, मला कळत होतं. तरी काठी हातात आली तसा मी सरळ झालो, हे खोटं कशाला बोलू. अठरा वर्षांनी कोणी मला दार दिलं होतं.

मग जो तमाशा सुरू झाला तो बघण्यासारखा होता. सकाळची थंडी अशी की बोटं आखडायची. सगळे माकडटोपीत. आणि बोलायचं तर टोपी काढायची. त्यामुळे ज्यांचे कान दुखायचे ते बोलायचेच बंद झाले, आणि एक टकला पोस्टमास्तर, ज्याला थंडी वाजतच नव्हती, तो प्रत्येक विषयावर बोलायला लागला. मंडळाची सतरंजी फाटली होती, नवी घ्यायची होती. तीनदा वाचन झालं. दुसऱ्या वाचनानंतर कमिटी बसली. कमिटीने निळ्याऐवजी हिरवी सुचवली. म्हातारे गंभीर चेहऱ्याने मान हलवत होते. ज्यांनी आयुष्यभर शंभर-शंभर माणसांची कामं अडवून ठेवली, त्यांना त्यातली मजा बरोबर कळत होती. मी गेटाशी काठी टेकून बघत असे आणि मनात म्हणत असे, बसा तसेच.

आता त्या इंग्रजांची एक रीत सांगतो. मतं मोजायची झाली की ज्यांना नवीन काही करायचं आहे त्यांनी उठून बाहेर जायचं. ज्यांना आहे तसंच ठेवायचं आहे त्यांनी जागेवर बसून राहायचं. मग मोजणारे बसलेले मोजत आणि बाहेरचे आत येताना मोजत. सरांनी हेही वाचून दाखवलं की तिथे बसायला जागा कमी होती, आणि चांगली जागा धरून बसलेले काही जण, बाजूने असूनही, जागा जाईल म्हणून उठतच नसत. कायदे त्यामुळे पडत. आमचे लोक हे ऐकून खूप हसले होते. सगळ्यात जास्त जे हसले ते तिसऱ्या बाकावरचे.

तिसऱ्या बाकावरचे म्हणजे कोण, ते सांगावं लागेल. बागेत सहा सिमेंटचे बाक. हिवाळ्यात ऊन पाण्याच्या टाकीच्या मागून येतं आणि सव्वाआठपर्यंत फक्त पहिल्या तीन बाकांवर पडतं. बाकीचे तीन बर्फाच्या लादीसारखे. उन्हातल्या बाकासाठी माणसं साडेसहाला येऊन बसत. लघवीला उठलेल्याची जागा गेली की गेली. दोन डॉक्टर सांगून गेले होते की फिरा, बसू नका. कोणी फिरत नव्हतं.

गेटाच्या बाहेर, डाव्या हाताला, एक बाई चहाची हातगाडी लावायची. पारशिवनीकडची. नवरा मिस्त्रीच्या हाताखाली होता, परांचीसकट पडला आणि कमरेतून बसला. तेव्हापासून घर तिच्या गाडीवर. सात वर्षं ती तिथे उभी होती. आमच्यातल्या कोणाला साखर चालत नाही, कोणाला आलं चालत नाही, कोणाच्या बायकोने चहा बंद केलाय आणि तरी तो पितो, सगळं तिला पाठ. मला ती बाबा म्हणायची. मी तिच्याशी फार बोलत नसे, मी कोणाशीच फार बोलत नाही.

डिसेंबरच्या शेवटाकडे बागेच्या गेटावर कमान बसायची ठरली. माजी नगरसेवकाने मंडळाच्या नावाची कमान कबूल केली होती, निळ्या पत्र्याची, वर लाइट. अध्यक्षांना ती कमान स्वप्नात दिसत होती. आणि कमानीच्या खालीच ही गाडी, तिचा स्टो, तिचे प्लास्टिकचे मग, तिची ओली फडकी. फोटोत ते येणार. महापालिकेचा माणूस येऊन बघून गेला. तो म्हणाला, बाग तुमच्या देखरेखीत आहे, मंडळाने ठराव करून द्यावा, गाडी राहू द्या म्हणाल तर राहील, नको म्हणाल तर सोमवारी आमची माणसं उचलतील. आणि उचललेली गाडी कशी परत मिळते हे सगळ्या नागपूरला माहीत आहे.

बाई मंडळाकडे अर्ज घेऊन आली. अर्ज सरांनीच लिहून दिला होता, चांगला लिहिला होता. पण आमच्यात आता पार्लमेंट होतं. बाहेरच्या माणसाला आत येऊन बोलता येत नाही. अर्ज गेटाशी दरवानाकडे द्यायचा, दरवानाने तो कारकुनाला द्यायचा, कारकुनाने वाचायचा. तिने तो माझ्या हातात दिला. साडीचा पदर डोक्यावरून घेतला होता, देवळात यावं तसा.

"माह्यं काम होईन न, बाबा?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "सारेच तुह्या हातचा चहा पेतात वं. तुह्या बाजूनं नाही राहतीन तं जातीन कुठी?"

हे मी बोललो होतो. ते लक्षात ठेवून पुढचं वाचा.

शनिवारी मतं घ्यायची ठरली. त्या आधी एक घोळ झाला, तो सरांनी केला, आणि सर वाईट माणूस नव्हते म्हणून तो मला जास्त लागला. प्रश्न काय ठेवायचा? अध्यक्ष म्हणाले, गाडी हटवावी असा ठेवू. मग हटवावी म्हणणारे उठून गेले असते आणि राहू द्या म्हणणारे बसून राहिले असते. बाईचं भलं झालं असतं, कारण बसून राहण्यात आमचे लोक हुशार. पण सरांनी पुस्तक उघडलं. म्हणाले, रिवाजाप्रमाणे सभागृहापुढे अर्ज आहे. अर्ज परवानगीचा आहे. परवानगी आजवर कधी दिलेली नाही, म्हणजे ती नवीन गोष्ट आहे. तेव्हा परवानगी द्यावी म्हणणाऱ्यांनी बाहेर जायचं. सात वर्षं उभी असलेली गाडी एका वाक्यात नवीन झाली. मी सरांना म्हटलं, हे बरं नाही. सर म्हणाले, "भाऊ, नियम आपल्या सोयीने वाकवायचा तर मग पार्लमेंट कशाला?" ते सरांनी अगदी सरळ मनाने म्हटलं. शिवाय मीही आयुष्यभर तेच म्हणत आलो होतो.

शनिवारी थंडी कडक होती. रस्त्यांवर दवाचा धूर. अधिवेशन तेव्हा नुकतंच संपलं होतं, बॅरिकेड उचलली होती, त्यामुळे सगळे वेळेवर आले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. सभापती खुर्चीत, सर कागद मांडीवर घेऊन, मी गेटाशी. अर्ज वाचला. पोस्टमास्तर उठून बोलला. गाडीच्या बाजूने बोलला, चांगला बोलला, पण तो रोज इतकं बोलायचा की कोणी ऐकत नव्हतं. एक वकील स्वच्छतेवर बोलले. बोलून झाल्यावर त्यांनी टोपी घातली आणि खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली.

याच वेळी चौघं जण हळूच उठून गेटाबाहेर गेले आणि गाडीशी उभं राहून चहा घ्यायला लागले. हे चौघं रोजचेच. दोघं भाऊ होते, रेल्वेतून रिटायर झालेले, एक औषधाच्या दुकानाचा मालक, आणि एक माझ्या गावाकडचाच, काटोलचा, संत्र्याची दलाली करून मुलाकडे येऊन राहिलेला. चौघंही बाईच्या बाजूचे. हे सगळ्या बागेला माहीत होतं.

सभापतींनी प्रश्न ठेवला. सरांनी घंटा वाजवली, त्यांच्या देवघरातली पितळेची.

घंटा वाजत होती. मी गेट उघडं धरून उभा होतो. बाहेरचे चौघं माझ्यापासून दहा पावलांवर. त्यांनी घंटा ऐकली. काटोलवाल्याने चहाचा मग उंचावून मला दाखवला आणि हसला. मला लगेच समजलं त्याच्या मनात काय आहे. बाजूने असणाऱ्यांनी बाहेर जायचं, ते तर बाहेरच होते. मग आत येऊन पुन्हा बाहेर कशाला? हिशोब सरळ होता. कोणीही तसाच केला असता. पण रिवाज तसा नव्हता. घंटा थांबायच्या आत जो आतून दाराबाहेर गेला, तोच बाजूचा धरायचा. आत नसलेला माणूस बाहेर गेला असं म्हणताच येत नाही, तो मुळात नव्हताच. त्या बागेत हे सरांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. सर घंटा वाजवत होते, त्यांची पाठ गेटाकडे.

मी हाक मारू शकलो असतो. "या बे आत" एवढे तीन शब्द. दहा पावलं. घंटा अजून वाजत होती.

पण दरवान हाका मारत नाही. बावीस हिवाळ्यांत मी कोणाला हाक मारली नव्हती. धावत येणाऱ्यालाही नाही, ओळखीच्यालाही नाही. ज्याला यायचं त्याने यावं. हे माझ्या अंगात असं बसलं होतं की तोंड उघडलंच नाही. आणि खरं आणखी एक आहे. तोवर मला वाटत होतं की त्या चौघांची गरजच पडणार नाही. आत एकवीस जण आहेत, सगळे तिचा चहा पितात, उठतील.

घंटा थांबायच्या आत उठणारे उठले. सावलीतल्या बाकांवरचे बहुतेक उठले. त्यांचं काय जात होतं? थंड सिमेंटवरून उठून चार पावलं चालायला त्यांना बरंच वाटलं. पोस्टमास्तर उठला. उन्हातल्या तीन बाकांवरून एक जण उठला, एकच. तो उठताक्षणी शेजारचा सरकून त्याच्या जागेवर पसरला. हे बघून आणखी दोघं जे अर्धे उठले होते ते परत टेकले. मी डोळ्यांनी पाहिलं. गुडघ्यांवर हात ठेवलेले, बूड बाकापासून वीतभर वर, आणि परत खाली. त्यांतला एक तर दर सोमवारी तिच्याकडून उपासाचा वेगळा चहा करून घ्यायचा.

घंटा थांबली. मी गेट लावलं.

दारातून गेलेले एकेक आत घेत मोजले: नऊ. बसलेले मोजले: बारा.

सभापती म्हणाले, "अर्ज नामंजूर."

तेव्हा बाहेर गलका झाला. चौघांनी गेटाला हात लावले. रेल्वेवाला थोरला म्हणाला, "अरे आमाले गिना न गा. आमी चार, ते नऊ. तेरा झाले."

सर उठून माझ्याजवळ आले. त्यांनी मला विचारलं, सगळ्यांच्या देखत:

"भाऊ, हे चौघं दारातून गेले होते?"

"नाही, सर. घंटा झाली तवा ते आत नव्हते."

सरांनी पेन उघडलं, पण लिहिलं नाही. मला वाटतं, मी दुसरं काही बोलावं असं त्यांना वाटत होतं. मी एवढं म्हणालो असतो की गेले, मी पाहिले, तर त्यांनी लिहून घेतलं असतं आणि कोणाचं काही चाललं नसतं. दरवानाचा शब्द शेवटचा. पण मी खोटं बोललो नाही. सरांनी बसून नऊ आणि बारा लिहिलं.

काटोलवाला गेटाच्या गजांतून माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "इंग्रज गेला बुडाले पाय लावून. तुह्यावाला काहून जित्ता ठेवला बे तू?"

समोर भिंत नव्हती, म्हणून झाडाकडे बघत उभा राहिलो.

मग जे सुरू झालं त्याची मला सगळ्यात जास्त किळस आली. बसलेले बारा जण उठले, आता उन्हं सगळीकडे आली होती, आणि एकेक जण येऊन सांगायला लागला की मी तर बाजूनेच होतो. एकाची कंबर धरली होती. एकाला ऐकूच आलं नाही. एकाला वाटलं बाकीचे जातायत तेवढे पुरतील. वकील सोडले तर बारांत अध्यक्षांची खरी माणसं तीन, फार तर चार. बाकीच्यांनी एका बाईचं घर उन्हाच्या तुकड्यासाठी पाडलं आणि त्यांना ते कळलंही नाही. अध्यक्षांबद्दल मला एवढा तिटकारा वाटला नाही. त्यांना कमान हवी होती, ते तसं म्हणत होते. या लोकांना काहीच नको होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ते टोपीवाले आणि हे माकडटोपीवाले, एकाच मातीचे. त्यांच्यावर हसलेही हेच.

लोक पांगले. बाई गाडी आवरत होती. सोमवारपर्यंत वेळ होता, पण ती आवरत होती. मी काठी सरांच्या पिशवीजवळ ठेवली आणि बाहेर आलो. तिने नेहमीसारखा माझा बिनसाखरेचा मग भरून पुढे केला. मी घेतला नाही. तिने तो गाडीच्या काठावर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "मी गाडीपासून पायत होती. घंटी लय वेळ वाजली."

एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. तिनेही पाहिलं होतं की मी त्या चौघांकडे पाहिलं आणि तोंड मिटून उभा राहिलो.

मी तिला म्हटलं, दार लावणं माझं काम होतं. ती म्हणाली, हो. मग तिने स्टो पुसला.

माझं घर बागेच्या गेटासमोर, रस्ता ओलांडला की. प्लॉट मी त्या काळात घेतलेला जेव्हा इकडे कोल्हे ओरडत. पुढे चार फुटांचं वॉलकंपाउंड, त्याला माणसापुरतं फाटक, आत पोर्चपर्यंत दहा-बारा फूट जागा. दिवसभर मी तिथे खुर्ची टाकून बसलो. मुलगा आला, त्याला बागेतलं सगळं कोणीतरी सांगितलं होतं. तो म्हणाला, बाबा, तुमची काही चूक नाही, तुम्ही नियमाप्रमाणे वागले. सूनही तेच म्हणाली. मला ते दोघं त्या दिवशी अजिबात आवडले नाहीत. नियमाप्रमाणे वागलो हे मला माहीत होतं. शहात्तर वर्षांत माझ्याकडून कोणी हे काढून घेतलं नव्हतं आणि मीही टाकणार नव्हतो. पुन्हा ती घंटा वाजली तर मी पुन्हा ते गेट लावीन, आणि त्या चौघांना पुन्हा मोजणार नाही. हे मी आजही म्हणतो. माफी मागणं मला येत नाही, गुरुजी घरी आले तेव्हा मी झाडावरून उतरलो नव्हतो, आता कुठे उतरू?

पण गाडी जाणार, हे काही मला पटत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात बसत नव्हत्या, आणि संध्याकाळपर्यंत मी त्या बसवायचा प्रयत्न सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सहाला उठलो, पोर्चच्या मागून सब्बल, म्हणजे पहार, काढली आणि रस्त्याकडच्या वॉलकंपाउंडला पहिला टोला दिला. सून धावत बाहेर आली. कुंड्या उचलत म्हणाली, बाबा, काय करून राहिले? मी म्हटलं, भिंत माझ्या पैशाची आहे. मुलगा दारात येऊन उभा राहिला, मग आत जाऊन घमेलं घेऊन आला. समोर बागेत उन्हातले तिन्ही बाक भरलेले होते, आणि तिथून सगळे बघत होते. अध्यक्ष फाटकाशी येऊन म्हणाले की असं रस्त्याकडे उघडं करता येत नाही. मी म्हटलं, साहेब, अर्ज करा, तीनदा वाचू.

सातपर्यंत साडेतीन फूट रुंदीची भिंत खाली आली होती. बाई गाडी ढकलत आली, बागेकडे वळणार तेवढ्यात तिला मी दिसलो, धुळीने पांढरा. तिला वाटलं, मी वेडा झालो.

"मले उपकार नोको, बाबा," ती म्हणाली.

"उपकार कोण करते वं? भिंत तोडली मी. आता मोकळ्या जागेत काहीतरी उभं कराच लागते."

ती दांडा धरून उभी राहिली. हलेना. मीही हललो नाही. मग मुलाने विटांचे तुकडे बाजूला सारून दोन फळ्या टाकल्या. मी रस्त्यावर उतरलो, गाडीचा दांडा तिच्या हातून घेतला आणि गाडी फळ्यांवरून माझ्या अंगणात ओढली.